द्राक्षवेलीचे सगेसोयरे

आपल्याकडे नवा माणूस भेटला म्हणजे पहिला प्रश्न नांवाचा, दुसरा गांवाचा, आणि तिसऱ्या प्रश्नास आपण त्याच्या आजोळापर्यंत जाऊन पोंचलेलेच असतों. "म्हणजे तुम्ही अमक्यांचे मावसभाऊ काय?" असें एकदां निघालें कीं, मग चहा आल्यावांचून राहत नाहीं. नातें लावण्याची ही हौस वनस्पतिशास्त्रज्ञांना तर अंमळ अधिकच असते. कोणतें झाड कोणाचें कोण लागतें हें ठरविण्यांत त्यांचें निम्में आयुष्य जातें. फरक इतकाच कीं, झाडाला त्याचें आजोळ विचारतां येत नाहीं. तें त्याच्या तोंडावळ्यावरून ताडावें लागतें. आणि तोंडावळा हा साक्षीदार कितपत भरंवशाचा, हें ज्यांनीं एकमेकांसारखे दिसणारे परके आणि मुळींच सारखे न दिसणारे सख्खे भाऊ पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको.

गेल्या कांहीं दशकांत या शास्त्रास एक नवा साक्षीदार मिळाला आहे. प्रत्येक जीवाच्या पेशीपेशींत डी. एन. ए. नांवाचें जें द्रव्य असतें, त्यांतील अक्षरें वाचून नातें ठरवावयाचें, ही ती नवी पद्धति. ती द्राक्षाच्या कुलाला लाविली असतां काय निष्पन्न झालें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. द्राक्षच कां, असें कोणी विचारील. आमच्या शाळेंत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरीं द्राक्षबाग आहे, हें एक कारण. आणि या कुलानें जुन्या व नव्या अशा दोन्ही साक्षीदारांची चांगलीच परीक्षा पाहिली आहे, हें दुसरें.

प्रथम हें घराणें केवढें तें पाहूं. वनस्पतिशास्त्रांत 'जाति' म्हणजे एकेका तऱ्हेची वनस्पति, जवळच्या जातींचें कुटुंब ती 'प्रजाति', आणि अशीं कुटुंबें मिळून होतें तें 'कुल'. द्राक्षाच्या कुलांत आज सुमारें ९५० जाति व १६ प्रजाति गणतात. बहुतेकींचें वसतिस्थान उष्ण प्रदेशांत; बागेंतलें द्राक्ष हें त्या मोठ्या घरांतील एक सुदैवी लेकरूं, एवढेंच. त्याचे कांहीं भाऊबंद आपल्या अगदीं ओळखीचे आहेत. मोडलेल्या हाडावर जिचा लेप खेड्यापाड्यांतून अजून लावितात ती चौधारी कांडवेल, पहिल्या पावसाबरोबर कुंपणावर चढणारी तीन दलांच्या पानाची आंबटवेल, सह्याद्रीच्या रानांतला गोलिंदा, आणि ज्याच्या कोंवळ्या कोंबांची भाजी होते तो दिंडा, हे सर्व याच कुलांतले. पैकीं दिंडा हा वेल नव्हेच. तो आपल्या पायांवर ताठ उभा राहणारा आहे, आणि त्याची कथा पुढें यावयाची आहे.

या कुलाची खूण अशी. वेलीच्या फांदीवर जेथें पान फुटतें, त्याच्या नेमक्या समोरच्या बाजूस आधार धरणारा दोऱ्यासारखा तणावा फुटतो. काकडी-कारल्याचा तणावा पानाच्या देठाशेजारून निघतो. द्राक्षाचा मात्र पानाकडे पाठ करून. त्याच जागीं कधीं तणावा येतो, तर कधीं फुलांचा घोंस. आणि अर्धा तणावा व अर्धा घोंस असा प्रकारहि बागाइतदारांनीं पाहिलेला असतो, कारण दोन्ही वस्तु मूळच्या एकच. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं 'पिनो मनिए' या फ्रेंच द्राक्षापासून एक ठेंगणी वेल मिळविली. तिच्या एका जनुकांत एकच अक्षर बदललेलें होतें, आणि तेवढ्यानें तिला तणाव्यांच्या जागीं घोंस येऊं लागले. ज्या ठेंगण्या गव्हानें आपल्या देशांत हरितक्रांति केली, त्या गव्हांतील ठेंगणेपणाचें जनुकहि याच जनुकाचें भाऊबंद आहे. शास्त्रज्ञ त्याला जी. ए. आय. म्हणतात. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

आमच्या प्रयोगशाळेंत दाबून वाळविलेल्या वनस्पतींचा एक जुना संग्रह आहे. त्यांतील आंबटवेलीच्या कागदावर तीन नांवें आहेत. सर्वांत जुन्या, तपकिरी पडलेल्या शाईंत 'व्हायटिस', म्हणजे खुद्द द्राक्षाचीच प्रजाति, लिहिलेली आहे. ती खोडून दुसऱ्या कोणाच्या हातानें 'केराशिया' लिहिलें आहे. आणि त्याखालीं पेन्सिलीनें मीं 'कॉसोनिस' असें लिहून ठेविलें आहे. वेल तीच, पान तेंच, कागदहि तोच. गेल्या वर्षीं हा कागद पाहून आठवींतल्या एका मुलीनें विचारलें, "सर, मग पहिल्या दोघांनीं खोटें लिहिलें काय?" प्रश्न साधा, परंतु मला तो फार महत्त्वाचा वाटला. आज एक सांगतात, उद्यां दुसरें सांगतील, असें म्हणून शास्त्राकडे पाठ फिरविणारीं माणसें मोठेपणीं एकाएकीं तशीं होत नाहींत. शाळेंत असा एखादा प्रश्न विचारून उत्तर न मिळाल्यानेंहि तीं तशीं होतात. आणि मग लस टोंचून घेण्याची वेळ आली कीं, त्यांचे पाय मागें ओढतात. तेव्हां त्या मुलीला पुरें उत्तर द्यावयास हवें होतें. तासाच्या दहा मिनिटांत जेवढें देतां आलें तेवढें तेव्हां दिलें. उरलेलें येथें लिहीत आहें.

पहिलें नांव लिहिणाऱ्यानें मनचें कांहींच लिहिलें नव्हतें. लिनीअस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालींच या वेलीला 'व्हायटिस' या प्रजातींत घातलें होतें. हूकर यांनीं हिंदुस्थानच्या वनस्पतींवर जो महाग्रंथ सिद्ध केला, त्याच्या १८७५ सालीं पुऱ्या झालेल्या पहिल्या खंडांत कांडवेल, आंबटवेल व गोलिंदा या तिघांनाहि तेंच एक आडनांव आहे. पुढें १८८७ सालीं फ्रान्सांतील माँपेलिए येथील प्राध्यापक प्लांशाँ यांनीं हें एकत्र कुटुंब मोडून दहा प्रजाति केल्या. पाकळ्या चार कीं पांच, फुलांचे घोंस कसे, बियांवरच्या खांचा कशा, अशीं लक्षणें त्यांनीं बारकाईनें तपासलीं. हे तेच प्लांशाँ, ज्यांनीं १८६८ सालीं सोबत्यांसह मरूं घातलेल्या द्राक्षवेलींचीं मुळें उकरून फायलॉक्सेरा हा सूक्ष्म किडा शोधून काढला होता. अशा माणसाची नजर कच्ची होती असें कोण म्हणेल?

परंतु पक्क्या नजरेलाहि तोंडावळा फसवितो. बोरीचेंच उदाहरण घ्या. फुलांत जितक्या पाकळ्या तितकेच केसर असले, म्हणजे केसर बहुधा दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर उभे असतात. द्राक्षाच्या फुलांत मात्र प्रत्येक केसर पाकळीच्या अगदीं समोर. आणि बोरीच्या फुलांतहि तसेंच. एवढ्या विरळ खुणेवरून द्राक्ष आणि बोर हीं दोन्ही कुलें जवळचीं, असें पिढ्यानुपिढ्या शिकविलें गेलें. अमेरिकन पंडित क्रॉन्क्विस्ट यांच्या १९८१ सालच्या जाड्या ग्रंथांतहि तीं एकाच गणांत आहेत. डी. एन. ए.ची साक्ष निघाली तेव्हां बोर गुलाबाच्या आणि वड-पिंपळाच्या बाजूची ठरली. द्राक्ष त्या बाजूचें नव्हेच. गुलाब, आंबा, कापूस, वाटाणा, मोहरी, एरंड इत्यादि हजारों वनस्पतींचा जो प्रचंड वंशवृक्ष आहे, त्याच्या बुंध्याजवळून द्राक्षाच्या कुलाची फांदी एकटीच वेगळी फुटलेली आहे. २००९ सालापासून पुष्कळसे शास्त्रज्ञ त्याला स्वतंत्र गण मानतात.

आतां अक्षरें वाचून नातें कळतें तें कसें? हें समजावें म्हणून मीं नववीच्या वर्गांत एक खेळ केला. वीस ओळींचा एक उतारा दोन मुलांना उतरून घ्यावयास दिला. त्यांच्या प्रतींवरून प्रत्येकीं दोघांनीं, आणि त्या चौघांच्या प्रतींवरून पुन्हां प्रत्येकीं दोघांनीं उतरून घेतलें. अशा चौदा प्रति झाल्या. त्यांवरचीं नांवें कापून, त्या फेंटून दुसऱ्या तुकडीला दिल्या व सांगितलें, कोणी कोणाचें पाहून लिहिलें तें शोधा. पोरांनीं तासाभरांत बहुतेक वंशावळ जुळविली. पहिल्या एका मुलानें 'वेल' ऐवजीं 'वेळ' लिहिलें होतें. त्याच्या हाताखालच्या साऱ्या प्रतींत 'वेळ' आली. पुढच्या एकीनें एक आख्खी ओळ गाळली. तिच्या दोघां वारसांतहि ती ओळ नाहीं. समाईक चूक म्हणजे समाईक पूर्वज, हें वर्गाला कोणी न सांगतां कळलें. बरोबर लिहिलेल्या शब्दांवरून मात्र कांहींच कळत नाहीं, कारण ते सर्वांचे सारखेच!

त्यांत एक गंमत झाली. 'आर्शिवाद' ही चूक अगदीं दोन वेगळ्या शाखांत सांपडली. तीवरून कांहीं मुलांनीं त्या दोघांना भाऊभाऊ ठरविलें. परंतु ही चूक महाराष्ट्रांतील निम्मीं मुलें आपापल्या बुद्धीनें करितात. तिला पूर्वज लागत नाहीं. बोर व द्राक्ष यांचे पाकळीसमोरचे केसर म्हणजे असेंच 'आर्शिवाद' होय. एकाच चुकीवर विसंबूं नये, पुष्कळ चुकांची साक्ष काढावी, म्हणजे अशी एखादी फसवी साक्ष आपोआप उघडी पडते. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील पंडितांनीं १९१९ ते १९६६ पर्यंत झिजून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तींत हस्तलिखितांचीं घराणीं लावितांना त्यांनीं हीच दृष्टि ठेविली होती. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांचा अभ्यास करणारेहि हेंच करितात.

डी. एन. ए. हें असेंच हस्तलिखित आहे. त्याची वर्णमाला चारच अक्षरांची, ए, टी, जी व सी. आणि प्रत्येक पिढींत त्याची नवी नक्कल होते. नक्कल फार काळजीपूर्वक होत असली, तरी लाखों वर्षांत चुका सांचतातच, व त्या पुढच्या पिढ्यांकडे उतरतात. २००७ सालीं फ्रेंच व इटालियन संशोधकांनीं द्राक्षाचें सबंध हस्तलिखित वाचून काढलें. फळझाडांत हा पहिला मान द्राक्षाला मिळाला. तें निघालें सुमारें ४८ कोटि ७० लक्ष अक्षरांचें, गुणसूत्रांच्या १९ जोड्यांत बांधलेलें, व सुमारें ३०,००० जनुकांचें. नातीं ठरविण्यास मात्र एवढें सारें वाचण्याची गरज नसते. निवडक उतारे पुरतात.

काम कसें चालतें तेंहि थोडक्यांत सांगतों. पान तोडतांच तें ओल शोषणाऱ्या खड्यांत ठेवितात. नव्या बुटांच्या खोक्यांत ज्या खड्यांची पुडी असते, तेच हे खडे. मग पान कुटून, साबणासारख्या द्रावांत ऊन करून, चरबी व प्रथिनें वेगळीं काढितात, आणि मद्यार्क घालतांच डी. एन. ए.चे पांढुरके तंतु दिसूं लागतात. (पिकलेलें केळें, मीठ, भांडीं घासण्याचा साबण आणि थंड स्पिरिट एवढ्यावर आमच्या मुलांनीं हे तंतु काडीवर गुंडाळून दाखविले आहेत.) पुढें हवा तेवढाच उतारा निवडून त्याच्या यंत्रानें कोट्यवधि नकला करितात, त्याचीं अक्षरें वाचतात, आणि निरनिराळ्या जातींचे उतारे एकाखालीं एक मांडून संगणकाकडून वंशवृक्ष बसवून घेतात. विशेष हें कीं, शंभर वर्षांपूर्वीं वाळविलेल्या पानांतूनहि वाचण्याजोगा डी. एन. ए. पुष्कळदां निघतो. म्हणून जुन्या संग्रहांना कसर लागूं देऊं नये, असें मी कपाट उघडलें कीं मुलांना बजावीत असतों.

द्राक्षाच्या कुलावर हें काम करणाऱ्यांत वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या जुन वेन या विदुषीचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. २००६ सालीं त्यांनीं व जपानच्या सोएजिमा यांनीं हरितलवकांतील तीन उतारे वाचून या कुलाचा एक वंशवृक्ष प्रसिद्ध केला. हरितलवक म्हणजे पानाच्या पेशींतील हिरवे कण. त्यांना स्वतःचा वेगळा डी. एन. ए. असतो. परंतु तो बहुतेक वनस्पतींत आईकडूनच येतो. तेव्हां त्यावरून कळतें तें एकट्या आजोळचें. बापाकडची हकीकत हवी तर पेशीच्या केंद्रकांत शिरावें लागतें. २००७ सालीं तसें केलें, आणि त्यासाठीं जें जनुक निवडलें तें आपलें पूर्वपरिचित जी. ए. आय.! तणाव्याला घोंस करणारें जनुकच वंशावळीचा लेखक झालें. पुढें २०१३ सालीं १५ जातींच्या पेशींतून ४१७ जनुकें घेऊन मोठ्या शाखांचीं नातीं पक्कीं केलीं, आणि २०१८ सालीं दिंडा बाजूस ठेवून उरलेल्या कुलाच्या पांच शाखा मांडल्या गेल्या.

निकाल काय लागला? द्राक्षाच्या सर्वांत जवळ निघाली ती गोलिंद्याची प्रजाति. हे दोघे एकाच शाखेंत आहेत. गोलिंद्याच्या घोंसाच्या देठालाच तणावा असतो, हें रानांत हिंडणाऱ्या मुलांनीं पाहून ठेवावें. कांडवेलीची शाखा वेगळी. 'सिसस' या तिच्या प्रजातींत घातलेली दक्षिण अमेरिकेंतील एक वेल तर मुळींच तिची नव्हती. तिचे जवळचे नातलग समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियांत निघाले. आणि आंबटवेल? 'केराशिया' या पेटींत ज्या वेली एकत्र ठेविल्या होत्या, त्यांचे एकाहून अधिक वंश निघाले. म्हणून आंबटवेलीच्या वंशासाठीं एकोणिसाव्या शतकांत दिलेलें व पुढें विस्मृतींत गेलेलें 'कॉसोनिस' हें नांव पुन्हां बाहेर काढिलें. आमच्या कागदावरील पेन्सिलीचा मजकूर तो हाच.

दिंड्याची कथा याहून मौजेची. त्याला तणावा नाहीं, तो वेल नाहीं. तरी हूकरच्या ग्रंथांत तो द्राक्षाच्याच कुलांत होता. नंतरच्या पुष्कळ पंडितांनीं त्याला घराबाहेर काढून त्याचें स्वतंत्र कुल केलें. डी. एन. ए.नें असें सांगितलें कीं, दिंड्याची प्रजाति 'लीया' ही या सर्व वेलींची खरोखर सर्वांत जवळची आप्त. फक्त तिनें वाटणी सर्वांच्या आधीं घेतली. म्हणून आज बहुतेक शास्त्रज्ञ तिला पुन्हां द्राक्षाच्या कुलांतच धरितात. १८७५ च्या पुस्तकांतलें, मध्यंतरीं रद्द ठरलेलें मत अशा रीतीनें परत आलें. त्या मुलीला मीं हेंच उदाहरण दिलें. जुन्यांनीं खोटें लिहिलें नव्हतें. त्यांच्यापुढें जेवढे साक्षीदार होते तेवढ्यांवर त्यांनीं निकाल दिला, कांहीं निकाल अपिलांत टिकले, कांहीं फिरले. प्लांशाँ यांच्या दहांपैकीं कित्येक प्रजाति अजून उभ्या आहेत.

नवा साक्षीदार तरी कधीं फसवीत नाहीं काय? फसवितो, आणि तेंहि या कुलाच्या शेजारींच घडलें. आग्नेय आशियाच्या अरण्यांत राफ्लेशिया नांवाची एक वनस्पति आहे. तिला पान नाहीं, खोड नाहीं. ती द्राक्षाच्या कुलांतील टेट्रास्टिग्मा या वेलीच्या अंगांत तंतुरूपानें राहते व तिचेंच अन्न खाते. बाहेर येतें तें केवळ फूल, आणि तिच्या एका जातीचें तें फूल जवळ जवळ एक मीटर रुंदीचें, जगांतील सर्वांत मोठें. अशा वनस्पतीचें कुल तोंडावळ्यावरून ठरवावयाचें कसें? म्हणून तिचा डी. एन. ए. वाचला. एका जनुकानें सांगितलें, ही द्राक्षाची नातलग. दुसरीं म्हणालीं, छे, हिचें घर निराळेंच. २००४ सालीं डेव्हिस व वर्डॅक यांनीं उलगडा केला. तें पहिलें जनुक तिचें वडिलोपार्जित नव्हतेंच. ज्या वेलीच्या अंगांत ती राहते तिच्याकडून तें कधीं काळीं तिच्या पेशींत शिरलें होतें! पुढें २००७ सालीं तिचे खरे नातलग एरंडाच्या कुलाकडचे असल्याचें दिसून आलें. चोरीच्या भांड्यावरचें नांव वाचून घरमालक कोण तें ठरवूं गेल्यास जें होईल, तेंच येथें होऊं घातलें होतें. तेव्हां अनेक जनुकांची साक्ष घ्यावी व ती एकमेकांशीं ताडून पाहावी, हा नववीच्या खेळांतला नियम येथेंहि तसाच लागू.

हें सर्व एकदां पालकसभेंत सांगत असतां एका बागाइतदार पालकांनीं मधेंच विचारलें, "गुरुजी, ह्या जंगली वेलींचीं नातीं लावून आमच्या बागेला काय मिळणार?" मीं त्यांनाच उलट विचारलें, "तुमची बाग कोणत्या खुंटावर आहे?" ते म्हणाले, "डॉगरिजवर." सभेंत हंशा पिकला, कारण उत्तर त्यांच्याच तोंडून आलें होतें. खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठीं महाराष्ट्रांतील हजारों बागा ज्या डॉगरिज खुंटावर कलम केलेल्या आहेत, तो खुंट अमेरिकेंतील रानद्राक्षांच्या वंशांतला. फ्रान्सच्या बागा फायलॉक्सेरानें उद्ध्वस्त झाल्या तेव्हांहि त्या वांचल्या अमेरिकन खुंटांवरच. आणि कलम जीव धरतें तें नातें जवळचें असेल तरच; द्राक्षाचा डोळा बोरीच्या खुंटावर कोणी कितीहि बांधला तरी फुटावयाचा नाहीं.

भुरी आणि केवडा या रोगांवर औषधें फवारून आमचे शेतकरी किती जेरीस येतात, तें मी दर हिवाळ्यांत मुलांच्या तोंडून ऐकतों. अमेरिकेच्या आग्नेय भागांत 'मस्कडाइन' नांवाचें एक द्राक्ष आहे. त्याच्या गुणसूत्रांच्या जोड्या १९ नव्हे, २० आहेत. त्याच्यांत या दोन्ही रोगांना दाद न देणारीं जनुकें सांपडलीं. जोड्यांच्या या फरकामुळें संकर अवघड. तरी नातें तुटण्याइतकें दूरचें नसल्यामुळें फ्रेंच संशोधकांनीं अनेक पिढ्यांच्या संकरांतून तीं जनुकें बागेंतल्या द्राक्षांत आणून दाखविलीं. हें ऐकल्यावर ते पालक सभा संपेपर्यंत बसून राहिले, आणि मस्कडाइनचीं रोपें इकडे मिळतील काय म्हणून विचारून गेले.

आतां एकच गोष्ट राहिली. डी. एन. ए. नातें सांगतो, पण त्या घराण्याचें वय तो एकटा सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं दगडांकडे जावें लागतें. आणि येथें आपल्या भूमीचें नांव येतें. दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक पसरत असतां, दोन थरांच्या मधल्या काळांत तळीं सांचत, झाडें उगवत. पुढच्या लाव्हाखालीं तीं गाडलीं जाऊन गारगोटीसारख्या दगडांत जशींच्या तशीं टिकलीं. नागपूर व छिंदवाडा या बाजूस अशा दगडांचीं प्रसिद्ध ठिकाणें आहेत. मध्य भारतांतील या दगडांत सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचीं फळें व बिया सांपडल्या, आणि २०१३ सालीं मँचेस्टर, भंडाऱ्याचे दशरथ कापगते व जुन वेन या तिघांनीं त्या द्राक्षाच्या कुलाच्या असल्याचें दाखवून दिलें. या कुलाचीं त्याहून जुनीं फळें तेव्हां कोठेंहि माहीत नव्हतीं. नागपुरांत वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास केलेल्या डॉ. चितळे यांच्या सन्मानार्थ त्यांचें नांव 'इंडोव्हायटिस चितळेयी' असें ठेविलें. त्या वेळीं आपला देश आशियाला जोडलेला नव्हता. तो समुद्रांतून उत्तरेकडे सरकत होता. पुढें २०२४ सालीं दक्षिण अमेरिकेंतील कोलंबियांतून ६ कोटि वर्षांपूर्वींच्या द्राक्षकुलांतील बीचें वर्णन प्रसिद्ध झालें, म्हणजे तेवढ्या काळांत हें घराणें पृथ्वीवर दूरवर पसरलेलें होतें.

इतक्या जुन्या दगडांत डी. एन. ए. टिकत नाहीं, तेथें पुन्हां तोंडावळ्याचीच साक्ष. परंतु या कुलाच्या बियांचा तोंडावळा मोठा बोलका असतो. बीच्या पोटाकडच्या बाजूस मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांना दोन खांचा, आणि पाठीवर मध्यभागीं एक ठसा. अशी बी दुसऱ्या कुलांत सहसा दिसत नाहीं. अडचण एवढीच कीं, थॉमसन आणि सोनाका यांवर वाढलेल्या आमच्या मुलांनीं द्राक्षांत बी असते हेंच पुष्कळदां पाहिलेलें नसतें. बाजारांत काळें बंगलोर ब्ल्यू मिळाल्यास त्याच्या बिया जपून ठेवाव्या, व धुऊन वाळवून भिंगाखालीं उलटसुलट करून पाहाव्या. गोलिंद्याच्या बिया प्रयोगशाळेंतील माझ्या टेबलाच्या खणांत एका काडेपेटींत आहेत. ज्यांना दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहावयाच्या असतील, त्यांनीं मधल्या सुटींत यावें.